महानंदाआक्का आणि विदाऊट बाया

कुणाच्याही घरी गेलं की माणूस आधी पाणी पितो. महानंदाआक्का आधी मोबाईल मागते. उंबऱ्यात चप्पल काढता काढताच तिचा उजवा हात पुढे येतो, तळवा वर, बोटं किंचित हलती, आणि ती म्हणते, "दाखवा." घरातली बाई निमूटपणे फोन काढून तिच्या हातात ठेवते. का ठेवते, ते त्या बाईलाही सांगता येणार नाही.

त्याचं कारण असं की आक्का आमच्या निलंगा डेपोची कंडक्टर होती. निवृत्त झाल्यावर तिनं तिकिटाचं मशीन आणि बॅग जमा केली, पण हात आणि आवाज घरी घेऊन आली. कर्नाटकाच्या सीमेवरच्या गाड्यांवर तिनं जन्म काढलेला, त्यामुळे गल्लीत गर्दी दिसली की तिच्या तोंडून आपोआप "मुंदे नडी, मुंदे नडी, पुढं सरका" असं निघतं. लग्नाच्या पंगतीत ती वाढायला उभी राहिली तर लोक नकळत सरकून बसतात. एकदा मयतीच्या घरीही ती "आत जागा हाय, दारात थांबू नका" म्हणाली होती, आणि खरं सांगायचं तर दारातली गर्दी लगेच हलली होती.

हे सगळं सोसण्यासारखं होतं. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या हाती ते अ‍ॅप लागलं, आणि ते तिच्या हाती देण्याचं पाप माझं.

मी आशाताईंची गटप्रवर्तक आहे. म्हणजे आशाताई घरोघर फिरतात आणि मी आशाताईंच्या मागे फिरते. आमच्या फोनमध्ये गरोदर बायांचं एक अ‍ॅप, लेकरांच्या वजनाचं एक, तापाच्या रुग्णांचं एक, आरोग्य कार्डांचं एक, आणि आम्ही खरोखर फिरतोय की घरी झोपलोय ते बघणारं एक. फोन तापून तव्यासारखा होतो. सर्व्हर बंद पडला की आम्ही झाडाखाली बसतो, आणि तेवढाच काय तो विसावा. त्यात लातूरला प्रशिक्षणाला बोलावून आणखी एक अ‍ॅप दिलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! हे अ‍ॅप बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाबद्दलचं होतं. बाईनं काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग पडदा हिरवा, पिवळा नाहीतर लाल होणार. शिवाय दर महिन्याला ते बोलून आठवण करणार, की ताई, स्वतःची तपासणी करा. लाल-पिवळ्या बायांना आम्ही गाडीनं लातूरला डॉक्टरांकडे न्यायचं. हिरवा म्हणजे कायमची सुटका नव्हे, असं साहेबांनी तीनतीनदा सांगितलं. मी ते लिहून घेतलं आणि जांभई दिली.

गावात कुणी ते अ‍ॅप घेईना. नावच असं, की बायका पदर तोंडावर घेऊन हसायच्या आणि सासवा मला दारातूनच वाटेला लावायच्या. वैतागून मी एका संध्याकाळी आक्काच्या ओट्यावर बसले आणि सहज म्हणाले, "आक्का, तुमच्यासारखा आवाज असता ना मला, तर घेतलं असतं बायांनी."

"दाखव," आक्का म्हणाली.

झालं! दुसऱ्या दिवसापासून तिच्या लेखी गावातल्या बायांच्या दोनच जाती उरल्या. एक अ‍ॅपवाल्या आणि दुसऱ्या विदाऊट. विदाऊट म्हणजे बिनतिकीट. भाजीवालीला, मास्तरणीला, सरपंचाच्या सुनेला, सगळ्यांना एकच न्याय. "ही विदाऊट हाय बग सुनीता," असं ती भर बाजारात बोट दाखवून मला सांगायची, आणि ती बाई काहीतरी चोरी केल्यासारखी खाली बघायची.

अ‍ॅपमधली बाई शुद्ध पुस्तकी बोलायची. "आपण नियमित स्वपरीक्षण करता का?" आमच्या बायांना वाटायचं परीक्षा आहे, आणि परीक्षा म्हटलं की त्या उठून जायच्या. मग आक्का त्याचं आपल्या भाषेत करायची. "आगं, म्हयन्यातून एकदा न्हातानी हात फिरवायचा. वाटान्यावानी काही लागतंय का बगायचं. लागलं की सुनीताला सांगायचं. संपलं. त्येच्यात लाजायचं काय हाय?"

एक म्हातारी म्हणाली, "तितं हात लावायला लाज वाटती बाई."

"आसं? मंग पैशे कुटं ठिवती?"

म्हातारीचा हात आपोआप चोळीकडे गेला आणि सगळा ओटा हसला. तेवढ्यावर आक्का थांबेल तर आक्का कसली! पैसे काढताना, मोबाईल काढताना, कशालाही हात आत गेला की तपासून घ्यायचं, असा फतवाच तिनं काढला. मी सांगितलं की असं घाईत चालत नाही, नीट सावकाश करायचं असतं. "म्हाईत हाय," ती म्हणाली, "पन आदी हाताला वाट तर म्हाईत हू दे."

मोंढ्यातला प्रकार मात्र मी जन्मात विसरणार नाही. झालं असं, की आक्कानं एका आठवड्यात अर्ध्या गावाच्या फोनवर अ‍ॅप टाकलं आणि सगळ्यांची आठवणीची वेळ एकच लावली. महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी अकरा. का, तर अकराला बाया कामं उरकून मोकळ्या असतात. हिशोब बरोबर होता. चूक एवढीच, की आमच्याकडे घरात चांगला फोन एकच असतो, आणि अकरा वाजता तो नवऱ्याच्या खिशात असतो.

त्या सोमवारी मोंढ्यात सौदा चालू होता. सोयाबीनच्या ढिगाभोवती माणसं उभी, भाव पुकारला जात होता, सगळे कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात एका खिशातून गोड आवाज आला, "ताई, आज आपल्या स्तनांची तपासणी केली का? आरशासमोर उभ्या राहा." त्यानं फोन दाबेपर्यंत शेजारच्या खिशातून तेच. मग पलीकडून. मग अडत्याच्या गल्ल्यावरून. एका मिशाळ पाटलांना तो बंदच करता येईना, तेव्हा त्यांनी फोन पोत्यात खुपसला, तर तो पोत्यातून बोलायला लागला, "दोन्ही हात वर करा." हमालांनी हात वर केले म्हणतात. हे मी पाहिलेलं नाही, पण सांगणारे शपथेवर सांगतात.

दुपारी दहा-बारा कारभारी आक्काच्या दारात. मला तर नोकरी गेली असंच वाटलं. पाटील म्हणाले, "आक्का, ही काय आबदा मांडली? आमी तोंड कुटं दाखवावं?"

आक्का पायरीवर उभी होती. "बाईचा मोबाईल बाईजवळ ठिवा. मंग तुमच्या खिशात कामून वाजंल?"

मी वेळ बदलून द्यायला तयार होते, पण आक्का हटेना. शेवटी असं ठरलं, की त्या सोमवारी फोन घरी ठेवून जायचा. बायांना हक्काचा फोन मिळाला. त्यांनी तपासणी किती केली ते देव जाणे, पण दिवसभर मालिका मात्र मन लावून बघितल्या.

एवढी गावभर हिंडणारी आक्का एका घरात कधी गेली नाही. ते घर तिच्या भिंतीला भिंत लागून होतं आणि तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं होतं. शिवकांता तिचं नाव. आमच्याकडे दोन बहिणी दोन भावांना देतात, तशा या दोघी. म्हणजे बहिणीही आणि जावाही. आक्काचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. तिनं शिवकांताच्या ज्योतीला मांडीवर वाढवलं. आणि त्याच ज्योतीच्या लग्नात आक्का हळदीला आली नाही, मांडवात राबली नाही. ऐन अक्षतांना डोक्यावरून घट्ट पदर घेऊन आली आणि अक्षता पडताच निघून गेली. विचारलं तर म्हणे, "नांदेडला ड्युटी लागली." त्या दिवसापासून शिवकांता तिच्याशी बोलत नव्हती. मध्ये चार वर्षं गेली. ज्योतीला लेकरू झालं, तरी बोलली नाही.

"सुनीता," आक्का मला रोज विचारायची, "तिकडची विदाऊटच हाय का?" नाव घ्यायची नाही, नुसती हनुवटीनं भिंत दाखवायची. "तू जा. माझं नाव घिऊ नकू. लई गरज हाय तिला."

"तिलाच का एवढी?" मी म्हणायची. "पन्नाशी झाली म्हनून," ती म्हणायची आणि दुसरीकडे बघायची. पन्नाशीच्या बाया गावात ढिगानं होत्या. पण मी खोलात गेले नाही. तेव्हा मला दिवसाला साठ घरं होती आणि पायांत गोळे येत होते. सख्ख्या बहिणींच्या भांडणात पडायला अंगात जीव लागतो, तो माझ्यात नव्हता.

शेवटी शिवकांतानं माझ्याकडे बघून अ‍ॅप टाकू दिलं. मी प्रश्न वाचले, तिनं उत्तरं दिली. गाठ नाही, दुखत नाही, घरात आई, बहीण, मुलगी कुणाला हा आजार नाही. पडदा हिरवा झाला. ती खूश झाली. म्हणाली, "बग, आमच्या घरान्यात असलं काई न्हाई."

मी जाऊन आक्काला सांगितलं, तिकडचं तिकीट फाडलं एकदाचं, हिरवं आलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. आक्का ताटात तूर निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"परत भर," ती म्हणाली.

"कामून? हिरवं आलंय की."

"परत भर म्हनते नव्हं! गुरवारच्या जीपमदी तिला घाल. कसंबी कर."

मला राग आला. लाल-पिवळ्या बायांनीच लातूरची जीप भरली होती, त्यांच्या नवऱ्यांच्या, सासवांच्या मिनतवाऱ्या करून माझा जीव मेटाकुटीला आला होता. आणि हिला आपल्या बहिणीशी भांडण उकरायला निमित्त हवं होतं, असंच मला वाटलं. तरी मी शिवकांताकडे एक खेप घातली. एक जागा करते, येता का, म्हटलं. ती म्हणाली, "माझं हिरवं हाय. सोयाबीन काडायला बाया लावल्यात, त्या टाकून मी लातूरला मिरवायला येऊ का?" तिचंही बरोबर होतं. मी परत येऊन आक्काला तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तुरीचं ताट उचलून आत गेली.

गुरुवारी सकाळी जीप आक्काच्या दारात लागली. बाया बसल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. आक्का रोज असते तशी दारात नव्हती. मी शोधायला वळले, तर ती शिवकांताच्या उंबऱ्यात उभी. चप्पल काढलेली. हात पुढे केलेला नव्हता. मी धावत गेले, म्हटलं आता दोघींची जुंपली तर जीप राहायची बाजूला.

शिवकांता अंगणात पोती झटकत होती. ती मला म्हणाली, "हिला इचार, हितं काय काम हाय हिचं."

"मोबाईल काड," आक्का म्हणाली. "ते परत भरायचं हाय."

"सुनीता, सांग हिला. हिरवं हाय माझं."

"खोटं हाय ते हिरवं."

"मी खोटं बोलले का?" शिवकांतानं पोतं खाली आपटलं. चार वर्षांत ती पहिल्यांदा आक्काशी सरळ बोलत होती, आणि तेही भांडत. "आईला न्हवतं. ज्योतीला न्हाई. मंग?"

"बहिनीला हाय."

मला आधी कळलंच नाही. शिवकांताच्या बहिणी किती, असा वेडा हिशोब मी मनात करून पाहिला. शिवकांता आक्काकडे बघत राहिली.

"तुजं तर पिशवीचं आपरेशन झालं हुतं," ती हळू म्हणाली.

"पिशवी हाय जाग्यावर."

आमच्या भागात गर्भाची पिशवी काढलेली नाही अशी बाई शोधावी लागते. त्यामुळे पिशवी म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही, आत काय झालं, कुठं झालं, कुणी केलं. आक्कानं बरोबर तेच कारण निवडलं होतं. मी आरोग्य खात्यात इतकी वर्षं काढली, रोज तिच्या ओट्यावर चहा प्यायले, आणि मलाही पिशवीच वाटली होती. गावातल्या प्रत्येक बाईला मोठ्या आवाजात विचारणारी ही बाई, स्वतःबद्दल तिला कर्करोग हा शब्द उच्चारता आला नव्हता.

"आन केस?" शिवकांता म्हणाली. "तिरुपतीला केस दिले म्हनली हुतीस. आमी पाया पडलो तुज्या."

"औषधानं गेले. तिरुपतीला कवा गेले मी? नांदेडच्या पलीकडं गेले न्हाई."

"ज्योतीचं लगीन..."

"तवाच चालू हुतं ते. पाव्हने पोरगी बगून जात हुते. मावशीला असलं हाय म्हनलं असतं तर पोरीला केली असती का कुनी? घरान्यातच हाय म्हनले असते." आक्का हे सगळं खाली बघत, भराभर बोलत होती. "हळदीला यायचं लई मनात हुतं. आदल्या दिशी सुई लागली हुती. उबं राहता येत न्हवतं."

"मंग नंतर सांगायचं! लगीन झालं, लेकरू झालं, तवा तरी सांगायचं!"

"तू बोलत कुटं हुतीस?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मी ओरडून ड्रायव्हरला थांब म्हटलं. मला कुणाचा राग येत होता ते मला कळत नव्हतं. साहेबांचा, त्या हिरव्या पडद्याचा, की माझाच. अ‍ॅप किती जणींनी टाकलं एवढंच मी रोज वर कळवत होते; आक्काला कधी काही विचारलं नव्हतं.

शिवकांतानं खांबावरच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि माझ्याकडे दिला. मी तो प्रश्न उघडला. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी कुणाला? मला वाचायला जमेना, म्हणून मी नुसतीच फोन धरून उभी राहिले. तर तिनंच वाकून बोट ठेवलं. पडदा पिवळा झाला. अ‍ॅपमधली बाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, की घाबरू नका, जवळच्या डॉक्टरांना भेटा. आम्ही तिघींनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

शिवकांता आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, संपलं, आता दार लावून घेते. मग ती साडी बदलून आली. मजुरांच्या मुकादमणीला हाक मारून शेतात जायला सांगितलं, दाराला कडी घातली. आक्का अजून तिथंच उभी होती, उतरायचं कुठं ते न कळलेल्या प्रवाशासारखी.

"तुला परत तपासायला बोलावत्यात का अजून?" शिवकांतानं विचारलं.

"हाव. सा म्हयन्याला."

"संगं कोन असतंय?"

"कोन असनार," आक्का म्हणाली. "गाडी आपलीच हुती की. डायवर वळकीचा, शीट भेटायचं."

ती हे इतक्या सहज म्हणाली, की मला तिच्याकडे बघवेना. मी ती गाडी डोळ्यांपुढे आणली. निलंग्याहून नांदेडपर्यंतचा सगळा रस्ता, डोक्याला पदर गुंडाळून खिडकीशी बसलेली ती, आणि पुढे दुसराच कुणीतरी कंडक्टर तिकिटं फाडतोय.

शिवकांता रडली नाही. तिनं पुढे होऊन आक्काच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला, लेकराला घालतात तसा, चांगला आवाज होईल असा. जीपमधल्या बायांनी माना बाहेर काढून बघितलं. दोघी जीपकडे चालायला लागल्या, मी मागे. धपाटा घातलेला तो हात शिवकांतानं पाठीवरून काढलाच नव्हता.